खालून वर जाणारा शब्द

बन्नूच्या बाजारात कापडाचं दुकान चालवलेल्या माणसाच्या हाती थापी द्यायची आणि त्याच्याकडून विटांची सरळ भिंत उभी करून घ्यायची, हे काम ज्याच्या अंगावर पडलं असेल त्याची कल्पना करून पाहावी. 1949-50 च्या सुमारास दिल्लीच्या दक्षिणेला, मथुरा रोडलगतच्या उजाड माळावर असे धडे रोज चालले होते. शिकवणारा मिस्त्री हिंदुस्थानी बोलणारा, शिकणारा घरात बन्नूवाली नाहीतर पश्तो बोलणारा. ओळंबा धर म्हटलं की नवखा माणूस तो भिंतीला टेकवून धरतो. मग दोरी भिंतीचाच कल घेते आणि भिंतीने पोट काढलं असलं तरी ती सरळच दिसते. लोलक भिंतीपासून केसभर सुटा लोंबला पाहिजे. हे तोंडी सांगून उमगत नाही. हात धरून दाखवावं लागतं, त्याच्याकडून करून घ्यावं लागतं, आणि चुकलाच तर चारचौघांत त्याची शोभा न करता पुन्हा दाखवावं लागतं. कालपरवापर्यंत गादीवर बसून हिशेब सांगणारा हा माणूस. एक शब्द वाकडा गेला असता तर तो थापी टाकून तंबूत परत गेला असता.

फरीदाबादचं औद्योगिक शहर या धड्यांतून उभं राहिलं. आज तिथे हजारो लहानमोठे कारखाने आहेत. त्यांतल्या प्रत्येक खात्यात मालक आणि मजूर यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. कुठे त्याला फोरमन म्हणतात, कुठे सुपरवायझर, कुठे लाइन-इनचार्ज. या मधल्या माणसाचं बोलणं कसं असावं, यावर आता व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालतात. पण त्या बोलण्याला इतिहास आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान फरीदाबादच्या मातीत लिहिलं गेलं आहे.

जुनं फरीदाबाद 1607 सालचं. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने ते शाही रस्त्याच्या राखणीसाठी वसवलं. नवं फरीदाबाद मात्र फाळणीने वसवलं. बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर, मर्दान, हजारा या सरहद्द प्रांतातल्या जिल्ह्यांमधून उखडलेले हिंदू आणि शीख आधी कुरुक्षेत्राच्या छावणीत येऊन पडले होते. त्यांतले कित्येकजण खान अब्दुल गफार खानांच्या खुदाई खिदमतगार चळवळीतले होते. सत्याग्रह, तुरुंग, लाठी हे सगळं त्यांनी इंग्रजांच्या राज्यात पाहिलेलं. दूर कुठेतरी पाठवण्याची सरकारी योजना त्यांनी मानली नाही. राजधानीजवळ जागा हवी, असा त्यांचा हट्ट होता. 1949 मध्ये फरीदाबाद डेव्हलपमेंट बोर्ड स्थापन झालं. राजेंद्रप्रसाद त्याचे पहिले अध्यक्ष, आणि पुढे ती जबाबदारी पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्याकडे आली. कुंझरू म्हणजे गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. कारभार पाहायला सुधीर घोष आणि सोबतीला कमलादेवी चट्टोपाध्याय यांची इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन. त्या युनियनचे तरुण कार्यकर्ते लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे 1998 मध्ये या प्रयोगावर ‘द सिटी ऑफ होप’ हे पुस्तक लिहिलं.

पहिलाच वाद पेटला तो घरं कोणी बांधायची यावरून. सार्वजनिक बांधकाम खात्याची रीत ठरलेली होती: निविदा काढायच्या, ठेकेदार नेमायचा, मजूर ठेकेदाराने आणायचे. निर्वासितांचं म्हणणं होतं, आमची घरं आम्हीच बांधू आणि मजुरीही आम्हालाच मिळू दे. खात्यातल्या इंजिनियरांना ते पटेना. ही दुकानदार आणि जमीनदार माणसं, यांना विटा उचलायची सवय नाही, काम बिघडेल, वेळ लागेल. त्यांची शंका अगदीच निराधार होती असं म्हणता येत नाही. नवख्या हाताने काम बिघडतंच. पण हा वाद खात्याच्या फायलीत मिटला नाही, तो बोर्डाच्या टेबलावर आला. पंतप्रधान नेहरू बोर्डाच्या बहुतेक बैठकांना स्वतः हजर राहत. निर्वासितांचं म्हणणं मान्य झालं, मजुरांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि पाच हजारांवर घरं त्यांनी बांधली. जर्मनीकडून युद्धभरपाईपोटी मिळालेला डिझेलचा वीजसंच उभारण्यातही याच माणसांचे हात होते. 1951 मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झालेल्या इस्पितळाला त्यांनी बादशाह खान, म्हणजे गफार खान, यांचं नाव दिलं.

या सगळ्यात घरांच्या संख्येइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे शब्दाचा प्रवास. तंबूतल्या माणसाची तक्रार काही दिवसांत देशाच्या पंतप्रधानासमोर पोचत होती आणि उत्तरही परत येत होतं. याला कारण होतं. खुदाई खिदमतगारांची आपली शिस्त होती, आपले सालार होते. सालार म्हणजे तुकडीचा म्होरक्या. तो लोकांतलाच, लोकांसोबत मार खाल्लेला. छावणीतलं म्हणणं गोळा करून वर न्यायचं आणि वरचं उत्तर जसंच्या तसं खाली सांगायचं, ही सवय त्याच्या अंगी चळवळीने मुरवली होती. बांधकामावर टोळ्या पडल्या तेव्हा मुकादमीसाठी नव्याने माणसं घडवावी लागली नाहीत. ज्याचं आधीपासून लोक ऐकत, तोच पुढे उभा राहिला.

शाळा आणि आरोग्याचं काम आलं आशादेवी आर्यनायकम यांच्याकडे. त्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून आल्या होत्या. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम निघाली. हाताच्या कामातून शिकायचं आणि शिकवणाऱ्याने आधी स्वतःचे हात मळवायचे, ही तिची धाटणी. ती या माळावर चपखल बसली. इथे बापही शिकत होता आणि मुलगाही, आणि दोघांचं पुस्तक विटा-मातीचंच होतं.

हे फार दिवस टिकलं नाही. काही वर्षांत कारभार पुनर्वसन खात्याच्या नेहमीच्या चाकोरीत गेला. सहकारी संस्था मोडकळीला आल्या, बैठका संपल्या, आणि वस्ती एन.आय.टी. (न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप) म्हणून ओळखली जाऊ लागली. एक नंबर, दोन नंबर, पाच नंबर अशा आकड्यांनी तिथले भाग आजही सांगितले जातात.

मराठी वाचकाला या गोष्टीचं मोल कळायचं तर शेजारी मुंबईची गिरणी ठेवावी लागते. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या गिरणीचा घाट घातला. तेव्हापासून पाऊणशे वर्षं गिरणीतला मधला माणूस होता जॉबर. मास्तर लँकेशायरचा किंवा पारशी, मजूर रत्नागिरीचा नाहीतर साताऱ्याचा. मास्तरचं बोलणं मजुराला कळत नाही आणि मजुराचं मास्तरला कळून घ्यायचं नाही. मधे जॉबर. माणूस गावाहून आणायचा त्यानेच, कामाला लावायचा त्यानेच, शिकवायचा त्यानेच, रजा द्यायची की नाही ते ठरवायचा त्यानेच, आणि काढून टाकायचाही त्यानेच. अडीनडीला कर्ज देणारा तोच, चाळीत खोली बघून देणाराही बऱ्याचदा तोच. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. नोकरी लागताना आणि पुढे ती टिकवताना जी रक्कम द्यावी लागे तिला दस्तुरी म्हणत.

जॉबर वाईटच होता, असं एका फटक्यात म्हणणं अन्यायाचं होईल. अनोळखी शहरात आलेल्या पोरासाठी तो गावकीचा आधार होता आणि संपाच्या वेळी कित्येक जॉबर मजुरांच्या बाजूने उभे राहिले. दोष त्याच्या जागेत होता. खालचा शब्द वर न्यायची वाट एकच, आणि त्या वाटेवर नाका बसवलेला. जो शब्द जॉबरच्या विरोधात, तो वर जाणार कसा? जो शब्द मास्तरला आवडणार नाही, तो जॉबर आपल्या तोंडून कशाला काढील? शिकवणंही त्याच्या मर्जीवर होतं. साचा कसा चालवायचा हे त्याने नीट दाखवलं तर ठीक, नाहीतर शेजारच्या साच्यावर डोळा ठेवून जमेल तसं उचलायचं.

कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची सभा घेतली, ती या बंद वाटेला वळसा घालण्यासाठीच. साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांनिशी फॅक्टरी कमिशनपुढे अर्ज गेला. मागण्या आज वाचल्या तर इतक्या साध्या वाटतात की मन हलतं. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढल्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. मुंबईच्या प्रत्येक गिरणीत जॉबर होते, मास्तर होते, मॅनेजर होते. अर्ध्या तासाच्या विसाव्याची गरज त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून मालकापर्यंत पोचली नव्हती. रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 रोजी.

पुढे 1928 च्या मोठ्या संपात गिरणी कामगार युनियनने गिरणीगिरणीत समित्या नेमल्या, तेव्हा जॉबरच्या हातातलं बोलण्याचं काम पहिल्यांदा कामगारांच्या स्वतःच्या प्रतिनिधींकडे आलं. 1931 च्या व्हिटली कमिशनच्या अहवालाने जॉबरकडची भरती आणि बडतर्फी काढून घ्या, मजुरांची भाषा जाणणारे लेबर ऑफिसर नेमा, असं सुचवलं. मुंबई सरकारने 1934 च्या कायद्यानुसार लेबर ऑफिसर नेमला. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये तर 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा झाला. त्याच कायद्याचं 108 वं कलम फारसं कोणाच्या लक्षात नसतं. कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, आणि त्या दरवाजापाशी सहज दिसतील अशा लावाव्यात, असं ते सांगत होतं. न कळणारी सूचना ही सूचनाच नव्हे, हे कायद्याने मान्य केलं होतं.

महाराष्ट्रात माणसांशी त्यांच्या भाषेत बोलण्याची दुसरी वाटही दिसते. औंध संस्थानातल्या माळरानावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि दहा वर्षांत, 1920 मध्ये, शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची ‘खबर’ छापायला सुरुवात केली. पुढे तिचंच मराठी घराघरात पोचलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, म्हणून तिचा मूळचा हेतू मागे पडतो. कारखान्यात काय चाललंय हे कारखान्याशी जोडलेल्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगावं, यासाठी ती निघाली होती. लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याला हे सुचावं, ही मोठीच गोष्ट होती.

याच काळात जगात दुसरीकडे सुपरवायझरच्या बोलण्याचं शास्त्र बनत होतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या गोद्यांमध्ये जहाजं बांधायला नवी माणसं हजारोंनी लागली, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन नावाच्या शिक्षकाने शिकवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यावरून ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’, म्हणजे टी.डब्ल्यू.आय., हा उपक्रम उभा राहिला. 1940 ते 1945 या पाच वर्षांत सोळा लाखांहून अधिक सुपरवायझर त्यातून गेले.

त्याचा पहिला धडा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. वर्गात दहाबारा सुपरवायझर बसलेले. शिक्षक विजेच्या दिव्याची दोन पदरी वायर हातात घेतो. होल्डरच्या आत या वायरला एक खास गाठ मारतात, म्हणजे बाहेरून कोणी हिसडा दिला तरी ताण गाठीवर येतो, स्क्रूवर येत नाही. शिक्षक एकाला पुढे बोलावतो आणि गाठ कशी मारायची ते फक्त तोंडाने सांगतो. उजवा पदर असा, डावा तसा, मग फाशातून वर. ऐकणाऱ्याला काही जमत नाही. वर्ग हसतो. मग शिक्षक दुसऱ्याला बोलावतो, त्याच्यासमोर उभा राहतो आणि न बोलता गाठ मारून दाखवतो. समोरून पाहणाऱ्याला सगळं उलटं दिसतं, त्यालाही जमत नाही. आता शिक्षक तिसऱ्याच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभा राहतो. आधी त्याला सैल करतो, हे काम पूर्वी कधी केलंय का विचारतो. मग एकेक पायरी करून दाखवतो, कुठली जागा नाजूक आहे आणि का, ते सांगतो. मग वायर त्याच्या हातात देतो आणि करता करता बोलायला लावतो: काय करतोयस आणि कशासाठी? शेवटी त्याला मोकळा सोडतो, पण अडलास तर कोणाला विचारायचं ते सांगून. गाठ बसते.

खोलीतल्या जुन्याजाणत्या फोरमनांना इथे कळायचं की आजवर आपण ज्यांना ढ म्हणत आलो त्यांना आपण शिकवलंच नव्हतं. शिकणाऱ्याला आलं नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, हे या उपक्रमाचं मुख्य सूत्र होतं. दुसऱ्या एका धड्यात माणसांशी वागण्याच्या चार गोष्टी होत्या. काम कसं चाललंय ते ज्याचं त्याला सांगत राहा. चांगलं केलं की तेव्हाच म्हणा. बदल होणार असेल तर तो ज्यांच्यावर होणार त्यांना आधी सांगा. ज्याच्यात जे आहे त्याचा उपयोग करून घ्या. याशिवाय, भांडण उभं राहिलं तर निकाल देण्याआधी सगळी हकीकत गोळा करा, ज्याचं भांडण आहे त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐका. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे. हातात अधिकार असलेल्या माणसाला ऐकून घेणं म्हणजे हार वाटते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेमार्फत हे तंत्र 1950 च्या दशकात भारतात आलं. मुंबईत शीवला उभ्या राहिलेल्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र होतं. 1958 मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद आली आणि त्याच वर्षी कामगार शिक्षणाचं केंद्रीय मंडळ नागपूरला स्थापन झालं. म्हणजे सुपरवायझरने कसं बोलावं आणि कामगाराने कसं बोलतं व्हावं, दोन्हींची सोय कागदावर झाली होती.

तोवर फरीदाबाद बदलत होतं. बाटा आलं, एस्कॉर्ट्स आलं, बल्लभगडला 1961 मध्ये गुडइयर आलं. 1962 पासून एस्कॉर्ट्सच्या राजदूत मोटारसायकली रस्त्यावर धावू लागल्या, पाठोपाठ ट्रॅक्टर आले, रेफ्रिजरेटर आले, आणि या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो वर्कशॉपचं जाळं पसरलं. माणूस लागला तो पूर्व उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, राजस्थानातून आला. फोरमन बहुतेक पंजाबी किंवा हरियाणवी, ऑपरेटर भोजपुरी किंवा मैथिली बोलणारा. हिंदी दोघांनाही येते म्हणून भाषेचा प्रश्न नाही, असं वरवर वाटतं. पण ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ यांतलं अंतर मजूर पहिल्या दिवशी मोजतो. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. ‘अहो’ आणि ‘अरे’ यांच्यामध्ये केवढं अंतर असतं ते ज्याला कामावर आयुष्यभर ‘अरे’ ऐकावं लागलं त्याला विचारावं.

1979 च्या ऑगस्टमध्ये फरीदाबाद स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी शहरात कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीन दशकांपूर्वी ज्या गावात छावणीतली तक्रार पंतप्रधानापर्यंत पोचत होती, तिथे आता फाटकावरची तक्रार अशी रस्त्यावर येऊन संपली.

1982 पासून या शहरात ‘फरीदाबाद मजदूर समाचार’ नावाचं एक लहानसं मासिक पत्र निघू लागलं. पत्ता ऑटोपिन झुग्गी, एन.आय.टी.ची मजदूर लायब्ररी. सकाळची पाळी भरायच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभं राहून ते वाटलं जाई, फुकट, हजारोंच्या संख्येने. घेणारा घेता घेता दोन शब्द बोले आणि तेच पुढच्या अंकात छापून येत. कोणत्या कारखान्यात पगार किती तारखेला झाला, ओव्हरटाइम दुपटीऐवजी एकपटीने कसा दिला, कुठला सुपरवायझर शिवीशिवाय बोलत नाही, पाणी प्यायला किंवा लघवीला जायला कुठे परवानगी मागावी लागते. भाषा साधी, मथळे लहान. हे पत्र म्हणजे फरीदाबादच्या कारखान्यांच्या अंतरंगाचा सर्वांत सलग दस्तऐवज आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. त्यात छापलेली प्रत्येक ओळ खरं तर आधी एखाद्या सुपरवायझरच्या कानावर जायला हवी होती. तिथे जागा मिळाली नाही म्हणून ती कागदावर आली.

इथून तासाभराच्या वाटेवर, गुडगावला, 14 डिसेंबर 1983 रोजी मारुतीची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. सुझुकीबरोबर जपानी रीतही आली. साहेब आणि कामगार यांचा एकच गणवेश, एकच कॅन्टीन, एकच रांग. अधिकाऱ्यांच्या बंद केबिनी नाहीत. सकाळी कवायत आणि मग लाइनवर उभ्याउभ्याच छोटी बैठक: काल किती झाले, कुठे अडलं, आज काय करायचं. दिल्लीच्या आसपासच्या फोरमनांना हे नवलाचं होतं. जपानने हे शिकण्याची एक मोठी वाट मात्र अमेरिकी टी.डब्ल्यू.आय.मधून गेली होती. युद्धानंतर ते प्रशिक्षण जपानमध्ये नेलं गेलं आणि टोयोटासारख्या कारखान्यांनी ते पिढ्यानपिढ्या जपलं. मुंबईच्या शीवला जे तंत्र पुस्तकात आलं होतं, तेच तीस वर्षांनी तोक्योमार्गे हरियाणाच्या कारखान्यांत लाइनवर उतरलं. फरीदाबादेतही एस्कॉर्ट्सची यामाहाशी जोडी जमली, आणि मोठ्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत सकाळची बैठक, सूचनापेटी, क्वालिटी सर्कल हे शब्द रुळले.

शब्द रुळले तरी बैठकीत बोलतो कोण, हा प्रश्न उरतोच. पाच मिनिटांपैकी पाचही मिनिटं इनचार्जच बोलला तर ती बैठक म्हणजे तोंडी नोटीस. 18 जुलै 2012 रोजी मारुतीच्याच मानेसर कारखान्यात मोठा हिंसाचार झाला, एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा जीव गेला, कित्येक जखमी झाले, पुढे शेकडो कामगार नोकरीला मुकले. त्या दिवसाची सुरुवात झाली ती एक कामगार आणि एक सुपरवायझर यांच्या बाचाबाचीने. कोण काय बोललं याच्या दोन्ही बाजूंच्या हकिकती वेगळ्या आहेत. मुळाशी कायम आणि कंत्राटी कामगारांमधली दरी, पगार, युनियनची मान्यता असे जुने प्रश्न साचलेले होते. एका सुपरवायझरच्या जिभेवर एवढं सगळं लादणं बरोबर नाही. पण साचलेल्या प्रश्नांची पहिली चाहूल ज्याला लागायला हवी, तो मात्र तोच असतो.

आता या पट्ट्यात मधला माणूस पुन्हा बदलला आहे. लाइनवरचे बरेचजण ठेकेदारामार्फत आलेले, काही महिन्यांसाठी आलेले. हजेरी ठेकेदाराकडे, काम कंपनीकडे. सुपरवायझरला त्यांची नावं पाठ होईपर्यंत ते दुसरीकडे गेलेले असतात. मुंबईच्या जॉबरची भरती जी व्हिटली कमिशनने काढून घ्यायला सांगितली, ती दुसऱ्या वाटेने ठेकेदाराच्या हातात आली आहे. आणि शिकवणं? ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था गुडगाव, मानेसर आणि फरीदाबाद भागातल्या वाहनउद्योगात जखमी झालेल्या कामगारांसोबत काम करते आणि 2019 पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. बोटं तुटतात ती बहुतेक पॉवर प्रेसवर. माणसं तरुण, बरीचशी परप्रांतातून आलेली. हेल्पर म्हणून घेतलेल्याला प्रेसवर बसवलेलं असतं. प्रेस एका पॅडलला एकदाच खाली यायला हवा; बिघडला की आपोआप दुसऱ्यांदा येतो. कामगार त्याला ‘डबल’ म्हणतात. जखमींच्या हकिकतींत पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट अशी: मशीन आधीपासून डबल मारत होतं आणि ते सांगितलेलंही होतं.

सांगितलं होतं, म्हणजे सुपरवायझरला सांगितलं होतं. त्याच्याही मागे कोणी उभं असतं. तासाला इतके नग निघाले पाहिजेत, मेंटेनन्सवाला दुसऱ्या खात्यात अडकलाय, ट्रक दारात लागलाय. तो म्हणतो, एवढी पाळी काढ, मग बघू. बिनकाळजाचा असतो म्हणून म्हणतो असं नाही. प्रेस बंद कर, असं वर सांगायची वाट त्यालाही कोणी दिलेली नसते. लोखंड्यांच्या अर्जातली शेवटची मागणी, जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, ही 1884 ची आहे. फरीदाबादच्या माळावर सालार जे करत होते, ते तंबूतल्या अडचणीला वरपर्यंत नेणारं काम होतं. प्रेसपाशी उभ्या असलेल्या सुपरवायझरला त्याचीच गरज आहे.

नव्या प्रेसवर दोन्ही हातांची दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेसचा दाबणारा भाग खाली येतो, म्हणजे हात साच्यात अडकायचा धोका राहत नाही. पण दोन हात गुंतले की माल भरायचा वेग मंदावतो. म्हणून काही ठिकाणी एक बटण कायम दाबलेलंच राहील अशी तजवीज करतात. वायरचा एक तुकडा घेऊन त्याला गाठ मारतात. पाळी सुरू होताना लाइनवरून फिरणाऱ्या सुपरवायझरला ती गाठ सगळ्यात आधी दिसते.